हेवी लायसन हातात आलं, आता पहिल्यांदा कुणाच्या गाडीवर जायचं? (सातारा-सांगलीकडच्या नवीन पोरांसाठी)

सांगलीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशोबाला बसतो, त्याआधी दहा टायर आणि मग बारा टायर चालवून झालीय, म्हणजे ड्रायव्हरचं दुखणं पण माहितीय आणि मालक कॅल्क्युलेटर घेऊन बसला की कुठं कुठं कात्री लावतो ते पण माहितीय. जतची, आटपाडीची, पाटणची पोरं ऑफिसात येत असतात, लायसन ताजं ताजं, आणि बसल्या बसल्या पहिला प्रश्न, "दादा पगार किती देताय?" अरे बाबा पगार तर सगळेच सांगतात, हजार-दोन हजाराचा फरक असतोय, पण त्यातलं महिनाअखेर तुझ्या हातात किती पडणार हे ज्याच्यावर ठरतं ते कोणच विचारत नाही. ते म्हणजे हिशोब. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी लायसनचं पटकन उरकू. ट्रान्सपोर्ट गाडीसाठी वय 20 पूर्ण पाहिजे आणि एलएमव्ही (कार-जीपसारख्या हलक्या गाडीचं) लायसन निघून एक वर्ष झालेलं पाहिजे, आठवी पासची अट होती ती 2019 ला काढून टाकलीय, त्यामुळं कुठला एजंट आठवीच्या दाखल्याच्या नावानं पैसे मागत असला तर उठून चालू लाग. ट्रान्सपोर्टचं लायसन पाच वर्षाचं असतं, संपायची तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेव. आणि ज्यांचं हेवी अजून निघालं नाही त्यांनी रिकामं बसू नका, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2024 ला निकाल दिलाय की मालासकट 7500 किलोपर्यंतच्या ट्रान्सपोर्ट गाड्या साध्या एलएमव्ही लायसनवर चालवता येतात, म्हणजे पिकअप, छोट्या आयशर वगैरे. मार्केट यार्डची भाजी-बेदाण्याची लोकल मारत वर्ष काढलं तर रिव्हर्स, लोड बांधणं, गेटवरच्या वॉचमनशी बोलणं हे सगळं तिथंच शिकून होतं. मोटार स्कूलमध्ये रिकामी गाडी मैदानात फिरवून हे येत नाही.

आता मालक कुठल्या प्रकारचे असतात. ढोबळमानानं तीन.

एक म्हणजे गावातला, एक-दोन गाड्या, बहुतेक वेळा चुलत्याच्या नाहीतर मामाच्या ओळखीतला. जेवणखाण सांभाळतो, आजारी पडलास तर दवाखान्यात नेतो, सगळं खरं. पण गाडी फायनान्सवर असती आणि हप्त्याची तारीख आली की त्याचा जीव खालीवर होतो, मग तू कालच दोन रात्री जागून आलायस हे त्याला दिसत नाही, परत भाडं धरलेलं असतं. आणि ओळखीतला असल्यामुळं तीन महिन्याचे पैसे राहिले तरी तोंड उघडता येत नाही, घरी कुणीतरी म्हणतंच, "राहू दे रे, आबा आपलेच आहेत." आबा आपलेच असले तरी वही पाहिजे, ती असली तर ह्या मालकाकडं जायला काही हरकत नाही.

दुसरा म्हणजे दहा ते तीस-चाळीस गाड्यांचा ट्रान्सपोर्ट, कुपवाड एमआयडीसी, मिरज, कराड, सातारा एमआयडीसी, शिरवळ ह्या पट्ट्यात भरपूर आहेत. माझं मत विचारशील तर नवीन ड्रायव्हरला हा सगळ्यात बरा, कारण इथं मुनीम असतो, मेस्त्री ठरलेला असतो, एक गाडी बंद पडली तर दुसरीवर बसवतात. पण आतलं बघायचं असेल तर ऑफिसात बसून बघू नको, संध्याकाळी त्यांचं पार्किंग असतं तिथं जा, चहा घे, दोन ड्रायव्हर गाठ आणि एवढंच विचार की "किती वर्षं झाली ह्यांच्याकडं?" चार-पाच जुनी माणसं टिकलेली असली तर अर्धं काम झालं, आणि सगळेच दोन-दोन महिन्याचे निघाले तर काय समजायचं ते समज. मालक गोड बोलतो का खवीस आहे ह्यावर जाऊ नको, लय खवीस दिसणारे मालक हिशोबाला एकदम चोख असतात.

तिसरी मोठी लॉजिस्टिक कंपनी, चाकण, भिवंडी बाजूची. पीएफ, जीपीएस, केबिनमध्ये कॅमेरा, काही ठिकाणी रिले म्हणजे अर्ध्या वाटेत ड्रायव्हर बदलतो. नवीन माणसाला सहसा घेत नाहीत, अनुभव मागतात, पण सेकंड ड्रायव्हर म्हणून घेत असतील तर डोळे झाकून जा. फक्त एक विचार, पगार कंपनी देणार का मधला ठेकेदार? ठेकेदार असेल तर कंपनीच्या बोर्डाचा तुला काही उपयोग नाही, तुझा मालक तो ठेकेदार, चौकशी त्याची कर. पीएफ कापतो म्हणाले तर यूएएन नंबर (पीएफ खात्याचा) माग आणि उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडून महिन्याला जमा होतंय का बघ, पगारातून कापलेलं दिसतं आणि पासबुकात काहीच नाही अशी पण माणसं येतात माझ्याकडं.

बरं आता मुद्द्याचं, हिशोब. हे जरा नीट वाच.

डिझेलच्या दोन पद्धती. एक, मालक कार्डवर नाहीतर ठरलेल्या पंपावर टाकी फुल करून देतो, काय लागलं ते त्याचं. दुसरी अ‍ॅव्हरेजची, म्हणजे मालक सांगतो "गाडी चारचं देते" (लिटरला चार किलोमीटर), तेवढ्या हिशोबानं डिझेल देणार, वाचलं तर तुझं आणि जास्त लागलं तर तुझ्या पगारातून. ऐकायला बरोबर वाटतं, पण हे गणित करून बघ. कुपवाडहून भिवंडी, जाऊन-येऊन 800 किलोमीटर धर. चारच्या अ‍ॅव्हरेजनं 200 लिटर. आता गाडी जुनी आहे, भरून चढ चढायचेत, वर पुण्यात आणि कळंबोलीला ट्रॅफिकमध्ये रांगायचंय, खरं अ‍ॅव्हरेज पडलं 3.6. लागलं 222 लिटर. वरचे 22 लिटर तुझ्या नावावर, डिझेल नव्वद रुपये धरलं तर जवळजवळ दोन हजार एका खेपेला. महिन्यात अशा पाच-सहा खेपा झाल्या तर दहा-बारा हजार गेले, आणि तू पगारात हजार रुपये वाढवून मागत बसलेलास.

म्हणून अ‍ॅव्हरेजवर काम असेल तर पहिली खेप "बघण्याची खेप" म्हणून ठरवून घे. टाकी फुल टू फुल, मीटरचा फोटो जाताना आणि येताना, भरून किती आणि खाली (रिकामी) किती हे वेगळं. त्याच गाडीवर आधी जो ड्रायव्हर होता त्याला फोन लाव, तो खरं सांगेल, त्याला आता कुणाची भीती नाही. मालकाला फोटो दाखवून "भरलेल्याला एवढं, खालीला एवढं" असं दोन आकड्यांत ठरव. चांगला मालक ऐकतो, त्याला पण माहिती असतं गाडी काय देते. जो म्हणतो "आधीचा चार काढत होता, तुला चालवता येत नाही" तिथनं निघ.

आणि हे मी पैशासाठी सांगत नाही नुसतं. अ‍ॅव्हरेजचं भूत मानगुटीवर बसलं की माणूस उताराला न्यूट्रल टाकायला लागतो. कात्रजच्या नवीन बोगद्यातून बाहेर पडलास की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे, तिथं 2022 च्या नोव्हेंबरला एका अवजड गाडीनं कितीतरी गाड्या ठोकल्या होत्या, त्याच्या आधी आणि नंतर पण तिथं किती झालेत ते आपल्याकडच्या प्रत्येक ड्रायव्हरला तोंडपाठ आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात, आणि तापलेले लायनर पकडत नाहीत. इंजिनच बंद केलं तर एअर भरायची थांबते आणि स्टेअरिंग दगडासारखं होतं. बोगदा संपला की खालचा गिअर, एक्झॉस्ट ब्रेक, आणि मागून कारवाले हॉर्न मारू देत. ज्या मालकानं किंवा उस्तादानं (शिकवणाऱ्या जुन्या ड्रायव्हरनं) "इथं न्यूट्रल मार, दोन लिटर वाचतं" म्हणून शिकवलं त्याची गाडी दुसऱ्या दिवशी सोडली तरी चालेल.

भत्ता. दिवसाचा का खेपेचा का किलोमीटरचा ते आधी ठरव, आणि मुख्य म्हणजे उभ्या गाडीचा भत्ता चालू असतो का ते विचार. भिवंडीच्या गोडाऊनला गेटबाहेर दोन-दोन दिवस नंबर लागत नाही, परतीचं भाडं मिळेपर्यंत कळंबोलीला पडून राहावं लागतं, तिथं जेवण, आंघोळ, संडास सगळ्याला पैसे लागतात. खेपेवर भत्ता असेल तर हे दिवस फुकट गेले. मालकाला पार्टीकडून (ज्याचा माल त्याच्याकडून) हॉल्टिंग म्हणजे गाडी उभी राहिल्याचे पैसे मिळतात का नाही तो त्याचा प्रश्न, तुझं ठरलेलं पाहिजे.

मग वाराई (गाडी भरताना-उतरवताना ड्रायव्हरकडून घेतात ते पैसे), हमाली, काटा, पंक्चर, ताडपत्रीची दोरी. हे सगळं तुझ्या हातातल्या ट्रिपखर्चातनं जातं आणि निम्म्याची पावती मिळत नाही. तिथं भांडण होतं. उपाय साधा आहे, डॅशबोर्डमध्ये शंभर पानी वही, आणि पैसे दिल्या दिल्या मालकाला व्हॉट्सअ‍ॅप, "वाराई एवढी दिली, पावती नाही". त्या वेळी मालक गप्प बसला तर आठ दिवसांनी मुनीम कापू शकत नाही. मी स्वतः हिशोबाला बसतो म्हणून सांगतो, ज्या ड्रायव्हरचा मेसेज असतो त्याचा खर्च मी कधी अडवत नाही, आणि जो येऊन नुसतं "साहेब अंदाजे आठशे-नऊशे गेले असतील" म्हणतो त्याचा मला मालकापुढं मांडताच येत नाही.

पोच पावती जपायची, सही-शिक्क्याची. पोच आल्याशिवाय पार्टी मालकाला भाडं सोडत नाही, आणि मग तुझा हिशोब पण लटकतो. माल भरताना पोती स्वतः मोज, साखरेचं पोतं 50 किलोचं, थर लावलेले असतात, मोजायला दहा मिनिटं लागतात. शॉर्टेज निघालं की ड्रायव्हरच्या नावावर टाकायची पद्धत आहे सगळीकडं. एखादं पोतं भिजलेलं, फाटलेलं दिसलं तर बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या माल-पावतीवर) तसा शेरा मारून घे आणि मगच सही कर. ई-वे बिलावर (मालाबरोबरच्या जीएसटीच्या कागदावर) गाडी नंबर तुझ्याच गाडीचा आहे का आणि मुदत किती आहे हे पण बघ, 200 किलोमीटरला एक दिवस असा हिशोब असतो, म्हणजे भिवंडीला दोन दिवस मिळतात, वाटेत गाडी पडली तर मुदत वाढवायला ऑफिसला लगेच फोन. मुदत संपलेलं बिल घेऊन सापडलास तर जीएसटीवाले माल आणि गाडी दोन्ही अडवतात आणि रस्त्यावर बसावं लागतं तुलाच.

हे विचारून झालं की मालकाला एक प्रश्न टाक: रात्री दोन वाजता खंबाटकीच्या बोगद्याअलीकडं एअर लीक झाली तर फोन कुणाला करायचा? चांगल्या ठिकाणी लगेच नाव येतं, "सुरूरला आपला मेस्त्री आहे, नंबर देतो." वाईट ठिकाणी "तू आधी निघ तर" असं उत्तर येतं. त्याच धर्तीवर टायर फुटला तर कुणाचा, चलान आलं तर कुणाचं. ओव्हरस्पीडचं चलान ड्रायव्हरनं भरावं हे मला मान्य आहे, पण ओव्हरलोडचं, इन्शुरन्स संपल्याचं, फिटनेस नसल्याचं चलान ड्रायव्हरच्या माथी मारणारे आहेत, ते आधीच क्लिअर कर.

ओव्हरलोडवरनं आठवलं. 2018 ला केंद्रानं वजनं वाढवून दिली, सहा टायर गाडी मालासकट 18.5 टन, दहा टायर 28.5 टन. तरी पासिंगच्या (कागदावर मंजूर वजनाच्या) वर भरायला सांगणारे आहेतच, "सगळे भरतात, लाइन आहे आपली". दंड सरळ 20 हजार, वर दर जादा टनाला 2 हजार, आणि जादा माल तिथंच उतरवायचा खर्च वेगळा. कायद्यात चालवणारा आणि चालवायला लावणारा दोघं पण येतात हे लक्षात ठेव. नवीन ड्रायव्हरनं जादा भरलेली गाडी कुंभार्ली नाहीतर आंबा घाटात घालणं म्हणजे, जाऊ दे, लिहीत नाही. काटा पावती माग, मोबाईलमध्ये ठेव.

गाडी बघायची. मालकासमोर लाजू नको, हक्क आहे तुझा. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसीच्या तारखा दिसतात, एमएच 10, 11, 50 कुठलीही असू दे. पुढचे दोन टायर रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) असतील तर नको म्हण, मागं चालतात, पुढं नाही. स्टार्ट करून एअरचे काटे वर येऊ दे, मग इंजिन बंद करून ब्रेक दाबून धर आणि काटा पडतो का बघ, कान दे, फुसफुस ऐकू येते. हँडब्रेक, वायपर, मागचे लाल दिवे, रिफ्लेक्टरची पट्टी. रात्री बंद पडलेल्या गाडीला मागून येऊन ठोकायचे अपघात ह्या हायवेला कमी नाहीत, त्रिकोण आणि पट्टी गाडीत पाहिजेच. आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून बनलेल्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झालीय, तर मालक नवी गाडी घेणार असेल आणि ती कुणाला द्यायची ठरायचं असेल तर नंबर लावून ठेव, उन्हाळ्यात सोलापूर लाइनला कळेल.

इन्शुरन्सची एक गोष्ट बऱ्याच जणांना कळत नाही. पॉलिसीत 15 लाखाचं पर्सनल अ‍ॅक्सिडेंट कव्हर लिहिलेलं असतं, ते मालक स्वतः चालवत असेल तर त्याचं, पगारी ड्रायव्हरचं नाही. तुझ्यासाठी "पेड ड्रायव्हर" म्हणून वेगळी लाइन असते, पॉलिसीचा फोटो घेऊन ती शोध. तिचा प्रीमियम अगदी किरकोळ असतो, तरी नसलेली पॉलिसी मी बघितलीय. शिवाय बँकेत जाऊन वर्षाला 20 रुपयाची सुरक्षा विमा योजना स्वतः सुरू कर, दोन लाखाचं अपघाती कव्हर आहे, घरच्यांना सांगून ठेव की काढलाय म्हणून.

माल कुठला ते पण बघ, थोडक्यात सांगतो. साखर, हळद, बेदाणा, फाउंड्रीचं कास्टिंग हे शिकायला बरं, माल सरकत नाही आणि वेळेची मारामारी कमी, कास्टिंगला फक्त वजन नीट बसवून बांधलं पाहिजे. द्राक्षाच्या सीझनला कंटेनर न्हावाशेव्याला न्यायचे असतात, पैसे बरे पण जहाजाची वेळ गाठायची असती, टेम्परेचर सांभाळायचं असतं, पहिल्या वर्षी नको. दुधाचा टँकर अर्धा भरला की आत दूध हेलकावे घेतं आणि वळणावर गाडी ओढते, त्याला हात बसलेला पाहिजे. स्पिरिट, इथेनॉल, केमिकलला लायसनवर धोकादायक मालाची वेगळी नोंद लागते, तीन दिवसाचं ट्रेनिंग करून ती मिळते, पुण्याला भोसरीत सीआयआरटी ह्या रस्ते वाहतुकीच्या संस्थेच्या आवारात अशी ट्रेनिंग होतात. ते पुढं जाऊन करच, कारण ह्या मालाला ड्रायव्हर मिळत नाहीत आणि भाव चांगला आहे. उसाची वाहतूक हंगामापुरती, आणि तिथला लोड मला स्वतःला कधी पटला नाही.

पहिल्या एक-दोन खेपा उस्तादाबरोबर सेकंड म्हणून माग, त्या दिवसांचा निम्मा पगार मिळाला तरी चालेल. उस्ताद बघून घे, जो ढाब्यावर "थोडी घेऊ" म्हणतो किंवा झोप येऊ नये म्हणून गोळी पुढं करतो त्याच्याकडनं शिकायचं काही नाही. कागदावर दिवसाला आठ तास, लांबच्या रूटला दहा, पाच तासानं अर्धा तास विश्रांती असं 1961 च्या मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यापासून लिहिलेलं आहे, आपल्याकडं ते कुणी पाळत नाही हे मला पण माहितीय, पण "झोप आली तर गाडी बाजूला लाव, पार्टीशी मी बोलतो" असं म्हणणारे मालक आहेत. पार्किंगमध्ये चहा पिताना जुन्या ड्रायव्हरांना हेच विचार.

काही गोष्टी सरळ नको म्हणायच्या. ओरिजनल लायसन मालकाकडं ठेवायचं नाही, आरसी बुक त्याचं आणि लायसन तुझं, रस्त्यात दाखवायला डिजिलॉकरमधलं चालतं. कोऱ्या स्टॅम्पवर, कोऱ्या चेकवर सही नाही. आणि उचल. घरात लग्न आहे, घर बांधायचंय, मालक पन्नास हजार काढून देतो आणि तुला देव वाटतो, पण उचल फिटेपर्यंत तुला ना पगार वाढवून मागता येतो ना गाडी सोडता येते, भाव पडतो तो तिथं. घ्यायचीच वेळ आली तर किती घेतली आणि महिन्याला किती कापायची हे वहीत मालकाच्या सहीनं. पगार बँकेत माग, रोख नको, चार वर्षांनी स्वतःची गाडी काढायला गेलास की फायनान्सवाला पहिलं स्टेटमेंट मागतो.

एवढं करून पण जागा चुकीची निघू शकते. मग मध्येच रस्त्यात गाडी सोडून पळून यायचं नाही, असं केलेल्याचं नाव पेठनाक्यापासून शिरवळपर्यंत सगळ्या ऑफिसात पोचतं. पंधरा दिवस आधी सांग, गाडी पार्किंगला आण, मीटर, टाकी, टायर, स्टेपनी, जॅक, ताडपत्री सगळ्याचा व्हिडिओ काढ, राहिलेल्या पोच पावत्या मुनीमाकडं जमा करून वहीवर त्याची सही घे, हिशोब त्याच दिवशी मिटवून माग, आणि मग चावी दे.